न बुडवलेल्या जहाजांचा हिशेब

अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या बोलण्यातल्या नगरच्या, रणगाडा संग्रहालयात फिरणारा माणूस प्रत्येक यंत्रासमोर थबकतो आणि मनातल्या मनात एकच प्रश्न विचारतो: यानं किती मारले? चिलखती दलाच्या केंद्रानं १९९४ साली उभारलेल्या या संग्रहालयात पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनची वाहनं उभी आहेत आणि त्यांच्याबाबतीत हा प्रश्न अगदी रास्त आहे. १९६५ साली असल उत्तरच्या चिखलात आणि उसात पाकिस्तानचे पॅटन रुतले, आपल्या हाती पडले. तिथून आलेल्या पॅटनपुढे उभं राहिलं की लढाई कोण जिंकलं हे वेगळं सांगावं लागत नाही. रणगाड्याचं काम दिसतं, मोजता येतं, आणि त्याचा पुरावा लोखंडाच्या रूपात आवारात आणून ठेवता येतो. समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावरच्या या जिल्ह्याला पाणबुडीशी काही देणंघेणं असण्याचं कारण नाही. पण नगरमध्ये मनात येणारा तोच प्रश्न आपण पाणबुडीलाही विचारतो, आणि तिथे तो फसवतो. भारतीय नौदलाच्या पहिल्या पाणबुड्या सोव्हिएत बनावटीच्या होत्या. त्यांनी युद्धात एकही शत्रुनौका बुडवली नाही. म्हणून त्या अपयशी ठरल्या असं मानणाऱ्यांची संख्या कमी नाही. माझं म्हणणं असं की पाणबुडीदलाच्या पहिल्या पिढीची सेवा बुडवलेल्या जहाजांवरून मोजायचीच नसते. तिचा हिशेब दोन खात्यांत लिहावा लागतो: शत्रूला काय करणं टाळावं लागलं, आणि आपल्याकडे किती माणसं तयार झाली.

हे समजायला रशियाच्याच आरंभीच्या पाणबुड्यांकडे पाहणं सोयीचं. १९०४ साली जपानशी युद्ध पेटलं तेव्हा रशियाकडे ‘डेल्फिन’ नावाची स्वदेशी बांधणीची एकुलती एक लढाऊ पाणबुडी होती. त्याच वर्षी जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गच्या कारखान्यात सरावाच्या वेळी ती बुडाली. शिकायला आलेली जादा माणसं आत होती, वजनानं ती पाण्यात नेहमीपेक्षा खोल बसली होती, आणि उघड्या झाकणातून पाणी शिरलं. वीसहून अधिक माणसं गेली. नौदलानं ती वर काढली, दुरुस्त केली आणि रेल्वेनं पॅसिफिक किनाऱ्यावरच्या व्लादिवोस्तोकला धाडली. तिथे पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊन ती पुन्हा जखमी झाली. तिच्याबरोबरीची दुसरी बोट ‘सोम’. रशियन भाषेत सोम म्हणजे मिशा असलेला, तळाशी राहणारा एक मासा; आपल्या चंद्राशी किंवा सोमवाराशी त्याचा संबंध नाही. ही बोट मुळात अमेरिकेत बांधलेली, हॉलंड नमुन्याची, ‘फुल्टन’ नावाची. रशियानं १९०४ मध्ये विकत घेतली आणि तीही सैबेरियाच्या लोहमार्गावरून व्लादिवोस्तोकला गेली. लांबी जेमतेम वीस मीटर, म्हणजे एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक लावल्या तर होईल तेवढी, आणि टॉर्पेडो सोडायची नळी एकच. १९०५ च्या वसंतात गस्तीवर असताना तिची जपानी टॉर्पेडो-बोटींशी गाठ पडली. त्यांनी गोळीबार केला, सोमनं बुडी मारली, धुक्यात दोघं एकमेकांपासून हरवले. व्लादिवोस्तोकच्या सगळ्या पाणबुड्यांच्या युद्धसेवेत लढाई म्हणावी अशी घटना ही एवढीच.

मारलेली जहाजं शून्य, स्वतःचे अपघात दोन, आणि एक चकमक, तीही अनिर्णित. कागदावर याहून केविलवाणी नोंद शोधून सापडणार नाही. पण मार्च १९०४ मध्ये जपानी युद्धनौका व्लादिवोस्तोकजवळ येऊन शहरावर तोफा डागून गेल्या होत्या, आणि पाणबुड्यांची गस्त सुरू झाल्यावर तसा धीट हल्ला पुन्हा झाला नाही. याचं सगळं श्रेय पाणबुड्यांना देणं मात्र अतिशयोक्ती होईल. ऑगस्ट १९०४ मध्ये उलसानच्या लढाईत व्लादिवोस्तोकच्या रशियन क्रूझर नौका जायबंदी झाल्या होत्या, त्यामुळे जपानला त्या बंदराची तितकी धास्ती उरली नव्हती. शिवाय हिवाळ्यात तिथे बर्फ असतो. तेव्हा ‘पाणबुड्यांनी शहर वाचवलं’ असं विधान मी करणार नाही. एवढं मात्र म्हणता येतं की बंदरात पाणबुड्या आहेत हे माहीत असलेल्या नौदलप्रमुखाला नकाशाकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. आणि दुसऱ्या खात्यातली नोंद तर वादातीत आहे. १९०६ साली झारनं पाणबुड्यांना नौदलाच्या यादीत स्वतंत्र वर्ग दिला. तोवर त्या कागदोपत्री टॉर्पेडो-बोटीच होत्या. डेल्फिनचा एक रचनाकार इव्हान बुब्नोव यानंच पुढे पहिल्या महायुद्धात लढलेल्या ‘बार्स’ वर्गाच्या पाणबुड्या रेखल्या. केविलवाण्या बोटींवर शिकलेल्या लोकांनी पुढचं दल उभं केलं.

साठ वर्षांनी भारत नेमक्या त्याच पायरीवर उभा होता. १९६५ च्या युद्धात या उपखंडातली एकमेव पाणबुडी पाकिस्तानकडे होती: अमेरिकेकडून मिळालेली ‘गाझी’, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीची. आपल्याकडे एकही नव्हती. पाणबुडीविरोधी सराव करायला ब्रिटिश पाणबुडी पाहुणी म्हणून बोलवावी लागे. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री म्हणून महाराष्ट्रानं त्यांना निरोप दिला होता, आणि बहुतेकांच्या आठवणीत ते डोंगरावरच्या सैन्याचे मंत्री म्हणूनच राहिले. पण नौदलाचा चेहरा बदलणारा निर्णयही त्यांच्याच काळातला. नौदलाची सवय ब्रिटिश, अधिकाऱ्यांचं शिक्षण ब्रिटिश, म्हणून आधी विचारणा ब्रिटनकडेच झाली. पैशाच्या अटींवर गाडं अडलं. चव्हाण १९६४ मध्ये मॉस्कोला जाऊन आले आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. त्यात चार पाणबुड्या होत्या, त्यांना सांभाळणारं एक मातृजहाज होतं आणि इतरही बरीच जहाजं होती. हा बदल नुसता दुकान बदलण्याचा नव्हता. नळ्यांवरच्या पाट्या, मापं, यंत्रांची पुस्तकं, हुकमांचे शब्द, सगळं रशियन. आपल्या खलाशांना आधी भाषा शिकावी लागली, मग व्लादिवोस्तोकला जाऊन पाणबुडी. ज्या बंदरात डेल्फिन आणि सोम धडपडल्या, त्याच बंदरात भारताचे पहिले पाणबुडे कडाक्याच्या थंडीत धडे गिरवत होते, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी बाल्टिक समुद्रावरच्या रिगा बंदरात भारतीय ताफ्यात दाखल झाली. तो दिवस आपलं नौदल आजही पाणबुडी दिन म्हणून पाळतं. मग ६ डिसेंबर १९६८ ला ‘खांदेरी’, ४ सप्टेंबर १९६९ ला ‘करंज’ आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरला ‘कुरसुरा’. नाटोच्या भाषेत या वर्गाचं नाव फॉक्सट्रॉट. सुमारे ९१ मीटर लांब, पाण्यावर १,९५० टन, दहा टॉर्पेडो नळ्या, सहा पुढे आणि चार मागे, एकूण २२ टॉर्पेडो, आणि आत पंचाहत्तरच्या आसपास माणसं. डिझेल इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या आणि बुडी मारल्यावर त्या बॅटऱ्यांवर विजेच्या मोटारी चालवायच्या, ही तिची पद्धत. इंजिनाला हवा लागते, म्हणून ठरावीक काळानं वर येऊन हवेची नळी पाण्याबाहेर काढणं भाग. पाणबुडी सर्वात जास्त सापडण्याजोगी असते ती याच वेळी. आत गोडं पाणी तोलूनमापून, दाढी-अंघोळीची चैन नाही, डिझेलचा वास कपड्यांत मुरलेला. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर सुएझ कालवा बंद होता, त्यामुळे रिगाहून निघालेल्या या बोटींना आफ्रिकेला वळसा घालून यावं लागलं. कुरसुरा फेब्रुवारी १९७० मध्ये निघाली ती स्वीडन, स्पेन, घाना, मॉरिशस करत घरी पोचली. नवख्या दलासाठी घरी येण्याचा हा प्रवास हीच पहिली मोठी परीक्षा होती.

यांतली दोन नावं आपल्या किनाऱ्याची आहेत. करंज हे उरणजवळच्या करंजा बेटावरून, आणि खांदेरी हे थळसमोरच्या समुद्रातल्या किल्ल्यावरून. खांदेरीच्या नावात तर सगळा युक्तिवाद आधीच भरलेला आहे. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी मुंबईच्या दक्षिणेला असलेल्या या ओसाड बेटावर मायनाक भंडारी याच्या देखरेखीखाली तट बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांना तो आपल्या दाराशी रोवलेला खुंटा वाटला आणि त्यांनी जहाजं धाडली. १८ ऑक्टोबरच्या लढाईत दौलतखानाच्या ताफ्यानं इंग्रजांचं ‘डव्ह’ हे गलबत पकडलं, पण ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजापुढे मराठी गलबतांना माघार घ्यावी लागली. तोफांच्या हिशेबात इंग्रज सरस होते. तरीही रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, छोट्या होड्या बेटावर दाणागोटा आणि दगड पोचवत राहिल्या आणि जड इंग्रजी जहाजं त्यांना अडवू शकली नाहीत. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला, खांदेरी मराठ्यांकडे राहिली. इंग्रजांच्या बाजूनं उतरलेला जंजिऱ्याचा सिद्दी शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडून बसला. हे सिद्दी मूळचे नगरच्याच निजामशाहीचे चाकर. आज समुद्रापासून तुटलेलं नगर एके काळी कोकणपट्टीचं मालक होतं, १५७१ मध्ये मुर्तजा निजामशहानं चौलच्या पोर्तुगीजांना वेढाही घातला होता, हे नगरकरांनाही सहसा आठवत नाही. मुद्दा असा की खांदेरीनं इंग्रजांचं आरमार बुडवलं नाही. ती तिथे टिकून राहिली, एवढ्यानंच मुंबईच्या गव्हर्नरची झोप उडाली.

आता सगळ्यात जड आक्षेप. १९७१. ९ डिसेंबरच्या रात्री दीवसमोर ‘हँगोर’ या फ्रेंच बनावटीच्या पाकिस्तानी पाणबुडीनं आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. त्या युद्धात आपल्याकडेही पाणबुड्या होत्या. करंज आणि कुरसुरा अरबी समुद्रात, खांदेरी पूर्व ताफ्याबरोबर. त्यांच्या खात्यावर काही नाही. मग पाणबुडी बुडवण्यासाठी नसतेच हा शहाणपणा पराभवावर घातलेलं पांघरूण नव्हे का? आक्षेप टाळण्यासारखा नाही. पण हँगोर आणि कुरसुरा यांना दिलेले हुकूम सारखे नव्हते. कुरसुरा नोव्हेंबरमध्ये, म्हणजे युद्ध जाहीर होण्याआधी, गस्तीला निघाली आणि ४ डिसेंबरला, युद्ध सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, मुंबईत परतली. लक्ष्याची खात्रीनं ओळख पटल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही, व्यापारी जहाजांच्या ठरलेल्या वाटा ओलांडायच्या नाहीत, व्यापारी जहाजावर हल्ला तर स्वतंत्र हुकमाशिवाय नाहीच, अशी बंधनं तिच्यावर होती. कराचीच्या तोंडाशी तटस्थ देशांच्या जहाजांची वर्दळ होती. अंधारात चुकीचं जहाज बुडवलं असतं तर जगाचं मत त्याच आठवड्यात फिरलं असतं. आणि ४ व ८ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केल्यावर पाकिस्तानी युद्धनौका बंदराला धरून राहिल्या. पाणबुडीला उघड्या समुद्रात सावज उरलं नाही. करंजचे कमांडर विजयसिंह शेखावत यांना त्या गस्तीसाठी वीरचक्र मिळालं, पुढे ते नौदलप्रमुख झाले. वीरचक्र काही सहानुभूतीनं देत नाहीत.

पाणबुडी काही न बुडवता काय करू शकते याचा सर्वात भक्कम पुरावा मात्र त्याच युद्धात शत्रूनं दिला. गाझी विशाखापट्टणमच्या दिशेनं येते आहे या एका शक्यतेपायी पूर्व किनाऱ्यावरून आपली विमानवाहू ‘विक्रांत’ गुपचूप अंदमानच्या एका आडबाजूच्या बंदरात नेऊन ठेवावी लागली, आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे असा आभास बिनतारी संदेशांतून निर्माण करावा लागला. विक्रांतचा बॉयलर तडकलेला होता, वेग कमी होता, त्यामुळे भीती अधिक. तरी मूळ कारण एकच, एक म्हातारी पाणबुडी. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझीच विशाखापट्टणमसमोर बुडाली. आपल्या ‘राजपूत’ नौकेनं टाकलेल्या, पाण्याखाली फुटणाऱ्या स्फोटकांनी की तिच्याच सुरुंगांच्या स्फोटानं, याबद्दल दोन्ही देश अजून वेगवेगळं सांगतात. गाझीनं त्या युद्धात एकही भारतीय जहाज बुडवलं नाही. पण आपल्या सर्वात मोठ्या जहाजाला तिनं शेकडो मैल दूर लपायला लावलं. गाझीच्या बाबतीत हे मान्य करायचं आणि खांदेरी-करंजच्या बाबतीत फक्त बुडालेली जहाजं मोजायची, हा न्याय एकतर्फी झाला.

फॉक्सट्रॉट वर्गाचा सर्वात निर्णायक क्षणही न सोडलेल्या टॉर्पेडोचाच आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाच्या पेचप्रसंगात सोव्हिएत संघानं याच वर्गाच्या चार पाणबुड्या धाडल्या होत्या, प्रत्येकीत एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो. २७ तारखेला अमेरिकी विनाशिकांनी ‘बी-५९’ ला गाठून तिला वर यायला लावण्यासाठी सरावाचे स्फोटक गोळे टाकायला सुरुवात केली. बॅटऱ्या संपत आलेल्या, आत जीवघेणा उकाडा, मॉस्कोशी संपर्क नाही. अनेक वर्षांनी बाहेर आलेल्या आठवणींनुसार कप्तानाचा संयम सुटला होता आणि बोटीवरचे दुसरे वरिष्ठ अधिकारी वसिली आर्खिपोव यांनी त्याला आवरलं. तपशिलांवर वाद आहेत. बोट शेवटी वर आली आणि टॉर्पेडो नळीतच राहिला, यावर नाही. सेवापुस्तकात हा दिवस कुठल्या रकान्यात लिहायचा?

यावर चतुर वाचक म्हणेल, ‘काही न करणं हेच काम’ असं एकदा मानलं की कुठल्याही निकामी शस्त्राचं समर्थन करता येईल. बरोबर आहे, आणि म्हणूनच पहिलं खातं एकट्यानं पुरत नाही. भीती मोजता येत नाही. दुसरं खातं मोजता येतं, त्यात तोटाही दिसतो. ऑगस्ट १९७० मध्ये सरावात करंज विनाशिका ‘रणजीत’ला धडकली आणि तिचा वरचा भाग चेचला गेला. सुट्या भागांसाठी आपण पूर्णपणे सोव्हिएत मर्जीवर होतो. १९८० मध्ये तर कुरसुराचे भाग काढून इतर बोटी चालवाव्या लागल्या आणि ती १९८५ मध्येच पुन्हा सेवेत आली. हे सगळं खर्चाच्या बाजूला लिहायलाच हवं. जमेच्या बाजूला पाहा. खांदेरी १९८९ पर्यंत, करंज २००३ पर्यंत राबली. कुरसुरा २००१ मध्ये निवृत्त झाली तेव्हा ७३,५०० सागरी मैल, म्हणजे विषुववृत्तावरून पृथ्वीला तीन फेऱ्या होऊनही उरतील इतकं अंतर कापून झालं होतं. १९७३-७४ मध्ये आलेल्या दुसऱ्या चारांपैकी ‘वागली’ डिसेंबर २०१० पर्यंत टिकली. १९८० च्या दशकात जर्मन बनावटीच्या आणि नव्या सोव्हिएत पाणबुड्या आल्या, तेव्हा त्या चालवायला फॉक्सट्रॉटमध्ये तयार झालेली माणसं होती; रिगाहून परतलेल्या पिढीला व्लादिवोस्तोकला जाऊन जे शिकावं लागलं ते पुढच्यांना विशाखापट्टणमच्या ‘सातवाहन’ प्रशिक्षण केंद्रात शिकता आलं.

माणसं हेच भांडवल असतं याचा उलटा पुरावा मुंबईत, माझगाव गोदीत मिळतो. जर्मन आराखड्यावरच्या ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’ या दोन पाणबुड्या गोदीनं १९९२ आणि १९९४ मध्ये बांधून दिल्या. त्यानंतर काम थांबलं, कसबी वेल्डर आणि अभियंते पांगले, आणि २००५ मध्ये फ्रेंच स्कॉर्पीनचा करार झाला तेव्हा ते कसब जवळजवळ नव्यानं कमवावं लागलं. ताफ्यात पाणबुड्या असूनही बांधणाऱ्यांची साखळी तुटली की किती वर्षं जातात, हे त्या उशिरानं दाखवलं. चालवणाऱ्यांची साखळी मात्र तुटली नव्हती, आणि त्याचं श्रेय ज्यांनी काही बुडवलं नाही त्या आठ जुन्या बोटींकडे जातं. नवी खांदेरी सप्टेंबर २०१९ मध्ये आणि नवी करंज मार्च २०२१ मध्ये मुंबईत ताफ्यात आली. जुन्यांपैकी कुरसुरा विशाखापट्टणमच्या वाळूवर २००२ पासून लोकांना पाहायला ठेवली आहे. आपल्या किनाऱ्याची नावं घेऊन फिरलेल्या खांदेरी आणि करंज यांचं असं काही महाराष्ट्रात उरलं नाही. रणगाड्यांच्या बाबतीत नगरनं जे केलं ते मुंबईनं पाणबुड्यांच्या बाबतीत केलं नाही.

सोमचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. जपानी युद्धातून ती सुखरूप सुटली आणि पहिल्या महायुद्धात बाल्टिकमध्ये आली. मे १९१६ मध्ये ‘ओंगरमानलँड’ या स्वीडिश आगबोटीशी तिची टक्कर झाली आणि आतल्या अठराही जणांसह ती बुडाली. युद्धात तिनं कोणालाही बुडवलं नव्हतं. २०१५ च्या जुलैमध्ये स्वीडिश गोताखोरांना किनाऱ्याजवळ तळाशी एक छोटी पाणबुडी सापडली. अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी स्टॉकहोमजवळच्या बेटांमध्ये संशयित परकी पाणबुडीचा शोध घेण्यात स्वीडनच्या नौदलानं आठवडाभर जीव काढला होता, त्यामुळे ही बातमी येताच ती ताजी रशियन हेर पाणबुडी आहे की काय अशी चर्चा जगभरच्या वर्तमानपत्रांत सुरू झाली. चित्रं तपासली गेली, कवचावरची रशियन अक्षरं वाचली गेली, आणि ती शंभर वर्षांपूर्वीची सोम निघाली.